माइकचं बटण दाबलं की बोबडी वळते

प्रश्न: प्रायव्हेट पायलट लायसन्सचं ट्रेनिंग घेतोय. लँडिंग जमायला लागलंय, पण विमानतळाच्या कंट्रोल टॉवरशी रेडिओवर बोलायची वेळ आली की बोबडी वळते. कंट्रोलरचं अर्धं बोलणं डोक्यावरून जातं आणि मी नुसतं "रॉजर" म्हणून मोकळा होतो. काय करू?

उत्तर: आधी ते रॉजर थांबवा. रॉजर म्हणजे तुमचं सगळं बोलणं मला मिळालं, एवढंच. त्यात होकारही नाही आणि करतो असंही नाही, मग अर्धवट ऐकून रॉजर म्हटलं तर ते चक्क खोटं झालं ना. कळलं नाही तर बिनधास्त "से अगेन" म्हणा, फार भराभर बोलत असेल तर "स्पीक स्लोअर", आणि सांगितलेलं जमणार नसेल तर "अनेबल". तिन्ही अधिकृत शब्द आहेत, त्यात कसली आलीय लाज.

बोलायचं काय तर कोणाला हाक मारताय, तुम्ही कोण, कुठे आहात, काय हवंय, बस. सुरुवातीला मांडीवरच्या पॅडवर लिहून वाचलं तरी चालतं. बटण दाबायच्या आधी मात्र फ्रिक्वेन्सी जरा ऐका, कारण हा एएम रेडिओ, दोघं एकदम बोलले की नुसती शिट्टी ऐकू येते आणि दोघांचंही बोलणं वाया. बटण दाबून क्षणभर थांबून बोला, नाहीतर पहिलाच शब्द कापला जातो.

आता रीडबॅक, खरी गोम इथेच आहे. टॉवर म्हणाला "टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट अल्फा, रनवे टू सेव्हन, क्यूएनएच वन झिरो वन टू", तर होल्डिंग पॉइंट (रनवेच्या आधी थांबायची जागा), रनवे, क्यूएनएच (उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब) सगळं जसंच्या तसं परत म्हणायचं आणि शेवटी आपलं कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव. हेडिंग (विमानाची दिशा), उंची, स्क्वॉक कोड (रडारवर विमान ओळखू यावं म्हणून ट्रान्सपाँडर या यंत्रावर टाकायचा चार आकडी नंबर), टेकऑफ-लँडिंगचा क्लिअरन्स म्हणजे परवानगी, यांचंही तेच. वाऱ्याचे आकडे परत म्हणायची गरज नसते (नवशिके नेमके तेवढेच म्हणतात!).

हा काटेकोरपणा उगाच नाही. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जम्बो जेट रनवेवर आदळली, ५८३ माणसं गेली. एकाला फक्त पुढच्या मार्गाचा क्लिअरन्स मिळाला होता पण त्या वाक्यात टेकऑफ हा शब्द होता, कॅप्टन निघालाच, आणि टॉवरचं "थांबा" आणि दुसऱ्या विमानाचं "आम्ही अजून रनवेवर आहोत" हे एकाच वेळी बोललं गेल्याने तीच शिट्टी वाजली. आता टेकऑफ हा शब्द फक्त प्रत्यक्ष टेकऑफची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात, बाकी वेळी डिपार्चर.

प्रश्न: आणि हवेत असताना रेडिओच बंद पडला तर?

उत्तर: आधी व्हॉल्यूम, फ्रिक्वेन्सी आणि हेडसेटची पिन बघा, बऱ्याचदा तिथेच घोळ असतो. खरंच बंद असेल तर ट्रान्सपाँडरवर ७६०० (रेडिओ बंद पडल्याचा कोड) टाका, विमान नीट उडवत राहा आणि टॉवरच्या दिव्याकडे लक्ष ठेवा. स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या चालू ठेवा, लुकलुकता लाल म्हणजे एअरपोर्ट सुरक्षित नाही, उतरू नका. दिवा दिसल्याची पोच दिवसा पंख हलवून द्यायची, रात्री लँडिंग लाइट दोनदा चालू-बंद करून.