जनरल मोटर्सच्या गाड्यांबद्दल मालकांची मते इतकी टोकाची का असतात?

आपण विचारले आहे की, नोकरीनिमित्त मिशिगनला गेल्यावर एखादी जुनी शेव्हरोलेट किंवा ब्यूक घेण्याचा आपला विचार आहे. परंतु कचेरीतला एक सहकारी आपल्या ब्यूकने दोन लाख मैल काढल्याचे अभिमानाने सांगतो, दुसरा जनरल मोटर्सचे नाव काढताच हात जोडतो, आणि पुण्याहून वडील म्हणतात की जी कंपनी तळेगावातून गाशा गुंडाळून गेली तिच्या वाटेला जाऊच नये. यांपैकी कोणाचे ऐकावे, असा आपला प्रश्न आहे.

मी भोसरीतल्या एका लहान कारखान्यात, जिथे मोटारींचे पत्र्याचे सुटे भाग तयार होतात तिथे, तपासणी विभागात सव्वीस वर्षे काम केले, आणि शेव्हरोलेट स्पार्क ही लहान गाडी अकरा वर्षे समाधानाने वापरली. त्यामुळे मला या कंपनीबद्दल राग नाही, पण आंधळी माया म्हणावी तर तीही नाही. माझे मत असे आहे की जनरल मोटर्सने वाईट कल्पनेवर गाडी काढली असे फार क्वचित घडले. मात्र कल्पना पक्की होण्याआधीच गाडी बाजारात आणायची, पहिली काही वर्षे गिऱ्हाइकाच्या खर्चाने तिच्यातले दोष काढायचे, आणि पीक हाताशी आले की शेतच सोडून द्यायचे, ही तिची जुनी खोड आहे. ज्याने पहिल्या वर्षी गाडी घेतली तो शिव्या देतो, ज्याने शेवटच्या वर्षी घेतली तो नावाजतो, आणि दोघांच्या गाडीवर नाव एकच असते.

ही खोड कंपनीच्या जन्मातच दिसते. विल्यम ड्यूरंट हे मिशिगनमधील फ्लिंट गावचे घोडागाड्यांचे मोठे कारखानदार होते. मोटार त्यांनी स्वतः बनवली नाही, तर मोटारी बनवणाऱ्या कंपन्या विकत घेतल्या. ब्यूक त्यांच्या हाती आधीच होती. १६ सप्टेंबर १९०८ रोजी त्यांनी जनरल मोटर्सची नोंदणी केली आणि वर्ष-दीड वर्षात ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक, ओकलंड अशा कंपन्या एका मोटेत बांधल्या. कर्ज इतके झाले की १९१० मध्ये सावकार बँकांनी त्यांना बाजूला केले. या गृहस्थांची जिद्द अशी की त्यांनी लुई शेव्हरोले या शर्यतपटूला हाताशी धरून १९११ मध्ये शेव्हरोलेट कंपनी काढली, तिच्या जोरावर जनरल मोटर्स परत मिळवली आणि १९२० मध्ये ती दुसऱ्यांदा गमावली. उतारवयात ते फ्लिंटमध्येच बोलिंगच्या खेळाची जागा चालवत होते.

मोट बांधली ड्यूरंट यांनी, पण तिला शिस्त लावली आल्फ्रेड स्लोन यांनी. १९२३ मध्ये अध्यक्ष झाल्यावर त्यांनी गाड्यांची एक शिडी रचली: सर्वांत खाली शेव्हरोलेट, मग पुढे पॉन्टियॅक झालेली ओकलंड, त्यावर ओल्ड्समोबिल, ब्यूक आणि शिखरावर कॅडिलॅक. फोर्ड तेव्हा एकच मॉडेल टी वर्षानुवर्षे विकत होती, तर इथे रंग, दरवर्षी बदलणारे रूप आणि हप्त्याने गाडी देण्याची सोय होती. पगार वाढला की माणसाने एक पायरी वर चढावे, पण घराबाहेर जाऊ नये, असा हा हिशेब होता. त्या काळचे तंत्रही कमअस्सल नव्हते. हँडल न मारता बटणाने सुरू होणारे इंजिन चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅकच्या १९१२ च्या गाडीला दिले, आणि पूर्णपणे स्वयंचलित गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर प्रथम ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या गाड्यांत आला. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन गाड्यांमागे जवळजवळ एक जनरल मोटर्सची असे.

मालकांची निष्ठा त्या शिडीवर उभी होती, हे कंपनी स्वतःच विसरली. १९७७ मध्ये ओल्ड्समोबिल घेतलेल्या अनेकांच्या लक्षात आले की बॉनेटखाली ओल्ड्समोबिलचे ‘रॉकेट’ नावाचे नावाजलेले इंजिन नसून शेव्हरोलेटचे इंजिन बसवलेले आहे. ते इंजिन वाईट नव्हते. १९५५ पासून चालत आलेला तो आठ सिलिंडरचा घराणा आजही मेकॅनिक लोकांचा लाडका आहे. तरीही लोक कोर्टात गेले आणि कंपनीला तडजोड करावी लागली, कारण पैठणीचे पैसे देऊन घरी आल्यावर काठ तेवढा पैठणीचा निघावा, अशी त्यांची भावना झाली होती. पुढे १९८२ मध्ये शेव्हरोलेटच्या साध्या कॅव्हेलिअर गाडीला थोडा साज चढवून कॅडिलॅक सिमारॉन म्हणून विकण्यात आले, तेव्हा शिडीच्या वरच्या आणि खालच्या पायऱ्या एकाच पातळीवर आल्या.

आता सुरुवातीला म्हटलेली खोड पाहा. १९६० ची शेव्हरोलेट कॉर्व्हेअर ही मागे इंजिन असलेली, अमेरिकेत वेगळी अशी गाडी होती. मागच्या चाकांची रचना अशी होती की जोरात वळण घेताना चाक आत दुमडून गाडी घसरू शकत असे. राल्फ नेडर या तरुण वकिलाने १९६५ मध्ये यावर कडाडून टीका केली. कंपनीने त्यांच्यामागे खासगी हेर लावले, आणि ते उघडकीला आल्यावर अध्यक्ष जेम्स रोश यांना १९६६ मध्ये सिनेटसमोर माफी मागावी लागली. मौज म्हणजे १९६५ च्याच कॉर्व्हेअरमध्ये मागचे सस्पेन्शन, म्हणजे चाके गाडीला जोडणारी आणि धक्के झेलणारी रचना, पूर्ण बदलून दोष काढलेला होता. पॉन्टियॅक फिएरोची कथा याहून नेमकी आहे. १९८४ मध्ये ही दोन आसनी गाडी आली, सुरुवातीच्या गाड्यांना आगी लागल्या. १९८८ मध्ये तिला अखेर स्वतःचे योग्य सस्पेन्शन मिळाले आणि त्याच वर्षी ती बंद झाली. १९७८ चे ओल्ड्समोबिलचे डिझेल इंजिन मात्र सुधारेपर्यंत थांबायलाही कोणी तयार नव्हते. त्याच्या हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, बोल्ट दाब सोसेनात, आणि डिझेल मोटार म्हटले की नाक मुरडण्याची सवय एका संपूर्ण अमेरिकन पिढीला त्यातून लागली.

सॅटर्नबद्दल मला विशेष वाईट वाटते. जपानी गाड्यांना उत्तर म्हणून टेनेसी राज्यातील स्प्रिंग हिल येथे वेगळा कारखाना, कामगार संघटनेशी वेगळा करार, घासाघीस न करता एकच किंमत, आणि पार्किंगमध्ये धक्का लागला तरी पोचा न पडणारे प्लास्टिकचे दरवाजे, असा तो प्रयोग होता. पहिल्या गाड्या १९९० मध्ये निघाल्या. गाडी तांत्रिकदृष्ट्या सामान्यच होती, इंजिनाचा आवाज जास्त होता. पण मालकांना शोरूममध्ये मिळणारी वागणूक इतकी आवडली की १९९४ मध्ये हजारो मालक आपापल्या गाड्या घेऊन कारखान्याच्या अंगणात मेळाव्याला आले. मोटारीच्या कारखान्यावर लोक असे वारीसारखे जातात हे दुर्मीळच. कंपनीने मात्र कित्येक वर्षे सॅटर्नला नवे मॉडेल दिले नाही, आणि नंतर दिली ती दुसऱ्यांच्याच गाड्यांवर नाव बदलून. दिवाळखोरीत सॅटर्नही गेली.

ती दिवाळखोरी १ जून २००९ ची. निवृत्तांच्या वैद्यकीय खर्चाचा बोजा, मोठ्या गाड्यांवरचे अवलंबन आणि २००८ ची मंदी एकत्र आली. अमेरिकी सरकारने सुमारे ५० अब्ज डॉलर ओतले आणि १० जुलैला नवी कंपनी बाहेर पडली. पॉन्टियॅकही याच वेळी संपली. सरकारचे सुमारे ११ अब्ज डॉलर बुडाले, त्याचा राग काही अमेरिकन गिऱ्हाइकांच्या मनात अजून आहे, हेही लक्षात ठेवावे.

यानंतरचे प्रकरण माझ्या धंद्याशी जोडलेले असल्याने थोडे विस्ताराने सांगतो. शेव्हरोलेट कोबाल्ट आणि सॅटर्न आयन या गाड्यांच्या इग्निशन स्विचमध्ये चावीला जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंगची खुंटी कमजोर होती. जड जुडगा लटकत असेल किंवा गुडघा लागला, तर धावत्या गाडीत चावी आपोआप मागे फिरे, इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई आणि एअरबॅगही उघडत नसत. २००६ मध्ये एका अभियंत्याने ही खुंटी बदलण्यास मंजुरी दिली. पण सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवला. आमच्याकडे छिद्राच्या व्यासात बारीकसा फरक केला तरी ड्रॉइंगवर नवी आवृत्ती चढते आणि जुना माल वेगळ्या खणात ठेवला जातो. न ठेवल्यास दुसऱ्या दिवशी सुपरवायझरपुढे उभे राहावे लागते. इथे नंबर न बदलल्यामुळे पुढच्या तपासनिसांना कित्येक वर्षे कळेना की जुन्या गाड्यांत होणारे अपघात नव्या गाड्यांत का होत नाहीत. गाड्या परत बोलावल्या गेल्या २०१४ मध्ये, आणि नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. कंपनीने अँटन व्हालुकस या वकिलांकडून चौकशी करून घेतली, तिच्या अहवालात एक शब्दप्रयोग नोंदलेला आहे: ‘जीएमची मान’. बैठकीत सर्वांनी होकारार्थी माना हलवायच्या आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करायचे नाही. आपल्याकडच्या नंदीबैलाचे हे परदेशी भावंडच म्हणायचे. मेरी बारा त्याच वर्षी मुख्य अधिकारी झाल्या होत्या. त्यांनी पंधरा जणांना काढले.

आपल्या वडिलांच्या आक्षेपाबद्दल. जनरल मोटर्स भारतात आली ती १९२८ मध्ये, मुंबईत शिवडीला. सुटे भाग आणून गाड्या जोडण्याचा तो कारखाना होता. देशातच भाग बनवण्याची योजना नसलेल्यांनी जावे असे सरकारी धोरण झाले आणि १९५४ मध्ये तो बंद पडला. दुसऱ्या खेपेस हिंदुस्तान मोटर्सबरोबर गुजरातेत हालोल येथे ओपेल ॲस्ट्रा निघाली, आणि २००८ मध्ये तळेगावचा कारखाना सुरू झाला. मात्र आपल्याकडे शेव्हरोलेट म्हणून ज्या गाड्या फिरल्या त्या फारशा अमेरिकन नव्हत्याच. माझी स्पार्क मुळात कोरियातील देवू कंपनीची मॅटिझ, ऑप्ट्राही देवूचीच, टवेरा जपानी इसुझूची, तर सेल आणि एन्जॉय चीनमधील भागीदारीतून आलेल्या. अष्टविनायकाच्या यात्रेला दहा माणसे आणि टपावर सामान घेऊन जाणारी टवेरा चालवणाऱ्या कोणालाही विचारा, तो तिचे गुणच गाईल. पण २०१३ मध्ये हीच टवेरा सुमारे १ लाख १४ हजारांच्या संख्येने परत बोलवावी लागली, कारण धुराच्या सरकारी चाचणीसाठी कर्मचारी मुद्दाम निवडलेली इंजिने बसवत होते. २०१७ मध्ये कंपनीने भारतातील विक्री थांबवली, तळेगावात निर्यातीच्या गाड्या डिसेंबर २०२० पर्यंत बनत राहिल्या, आणि आता तो कारखाना ह्युंदाईकडे आहे. वडिलांचा राग रास्त आहे. परंतु मिशिगन हे जनरल मोटर्सचे माहेर असल्याने तिथे सुट्या भागांची चणचण भासणार नाही, म्हणून भारतातला अनुभव तिथे लावण्याची गरज नाही.

राहिला प्रश्न कोणती गाडी घ्यावी याचा. आपल्या सहकाऱ्याची ब्यूक बहुधा ३८०० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा सिलिंडरच्या इंजिनाची असावी. ते इंजिन ब्यूकने अनेक दशके घासूनपुसून तयार केले. त्याचा प्लास्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा पोचवणारा भाग) आणि कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, गळती एवढे सांभाळले की ते थकत नाही, आणि अर्थातच तेही २००८ च्या सुमारास बंद झाले. २००७ ते २००९ च्या ३.६ लिटर इंजिनांच्या टायमिंग चेनबद्दल (झडपांची वेळ सांभाळणारी साखळी) आणि २०१० ते २०१३ च्या २.४ लिटरच्या इक्विनॉक्सच्या तेल खाण्याबद्दल मालकांच्या तक्रारी भरपूर आहेत. ती वर्षे टाळावीत. २००७ नंतरच्या मोठ्या पिकअपमधील ५.३ लिटर इंजिन, चालताना काही सिलिंडर बंद करून इंधन वाचवते, आणि त्यातले लिफ्टर, म्हणजे झडपा उचलणारे भाग, अडकतात. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करायला सांगून टकटक येते का ते ऐकावे, विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी जावे. ६.२ लिटरच्या इंजिनासाठी एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत जवळपास सहा लाख गाड्यांचे रिकॉल निघाले आहे, म्हणून २०२१ ते २०२४ ची अशी गाडी पाहत असाल तर तिचा चॅसिस नंबर महामार्ग सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर आधी टाकून पाहावा. ते फुकट आहे.

साधारण नियम म्हणून, एखादे मॉडेल ज्या वर्षी बंद झाले त्याच्या आधीच्या दोन वर्षांतली गाडी शोधावी. आणि मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे वरचा रंग कितीही चकाकत असला तरी टॉर्च घेऊन गाडीखाली वाकावे आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्यांवरून बोट फिरवून पाहावे. बोटाला खपली लागली, तर इंजिन कितीही नावाजलेले असो, विक्रेत्याचे आभार मानून परत यावे.