ग्राफिक्स कार्डाआधी पॉवर सप्लाय पाहा

भाऊ, पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड कोणतं घ्यायचं विचारतोस, ते मागाहून. आधी कॅबिनेटचं झाकण काढून पॉवर सप्लाय किती वॅटचा ते त्याच्या लेबलवर वाच. असेंबल पीसीत बहुधा तोच स्वस्तातला टाकलेला असतो. माझा असाच एक सप्लाय लाईट जाऊन आल्याबरोबर उडाला, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला.

मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात. आरटीएक्स ३०६० या कार्डाला १७० लागतात, म्हणून सप्लायमधून वेगळी वायर लागते. ती नसेल तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मेमरीवालं बघ. ७० वॅटवर भागतं. ८ जीबीवालं मात्र १३० वॅटचं, नाव तेच! बिल करताना नीट पाहा. आरएक्स ६४०० या कार्डाच्या नादी लागू नको. ते स्लॉटमधल्या डेटा नेणाऱ्या चारच लेनवर (वाटांवर) चालतं, जुन्या बोर्डावर मंदावतं, अन् व्हिडिओ रेकॉर्ड करायला कामी येणारं एन्कोडिंगही त्यात नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो, टिनाखाली तर विचारूच नको. दोन पंख्यांचंच कार्ड घे, पण आत बसते का ते टेपानं मोजून. अन् कापूस भरलेल्या खोलीत पीसी ठेवू नको बाप्पा, तंतू पंख्यात गुंडाळतात. मी दर दिवाळीला काढतो, तरी मूठभर निघतातच.