इंजिनचं काम निघालेली स्वस्त गाडी घ्यावी का?

मित्रा, पहिलीच गाडी असेल तर माझं स्पष्ट मत: घेऊ नकोस. ‘इंजिनचं थोडं काम आहे’ असं मालक सांगतो, पण ते थोडं म्हणजे किती, हे इंजिन उघडल्याशिवाय चांगल्या मेकॅनिकलाही सांगता येत नाही.

तरी मन अडकलंच असेल तर सकाळी, इंजिन थंड असताना बघायला जा. आधीच चालू करून गरम ठेवली असेल तर ‘दुसऱ्या दिवशी येतो’ म्हणून मालकाला सांग. ऑइलचं झाकण उघड, डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) ओढ. दोन्हीकडे दुधाळ चहासारखा चिकट थर दिसला तर बहुधा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ऑइलमध्ये उतरतंय, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यातलं सील) गेलंय किंवा हेडलाच चीर आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणारी तपासणी) करूनच घे, मालक नको म्हणाला तर तिथूनच निघ.

‘दुसरं इंजिन बसवू’ हा सल्लाही सर्रास मिळतो. पण इंजिन नंबर आरसीवर असतो, बदल आरटीओत नोंदवावा लागतो. बसवलेल्या त्या जुन्या इंजिनाची कागदपत्रं नसतील तर पुढे विम्याच्या क्लेमला आणि विकताना फार त्रास होतो. टोकन मात्र मेकॅनिकने गाडी बघेपर्यंत देऊ नकोस, मालक कितीही घाई करू दे.