योरुबा देवतांची पेंटिंग्ज समजून घ्यायला सुरुवात कुठून करावी? घरात लावली तर चालतात का?

तुम्ही विचारलंय की योरुबा (नायजेरियातला एक मोठा समाज) वारसा, काळ्या माणसांची ओळख, अध्यात्म या विषयांवरची पेंटिंग्ज ऑनलाईन बघून आवडायला लागलीत पण कळत फारसं नाही, तर सुरुवात कुठून करू, आणि एखादं हॉलमध्ये लावलं तर चालेल का, कारण घरचे म्हणतात भेसूर दिसतं. त्या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसलेय. हाच शब्द मी माझ्या घरात, माझ्याच हॉलमध्ये, चहाचा कप हातात असताना ऐकलाय आणि पाहुणे बसले होते म्हणून तेव्हा काही बोलले नाही.

आम्ही बरीच वर्षं नायजेरियात लेगॉसला होतो, इकेजा भागात, नवऱ्याची नोकरी होती. मी कमर्शियल आर्ट केलेली, त्यामुळे रविवारी सगळे मॉलमध्ये गेले की मी गॅलऱ्या फिरायची. लेक्कीची नाइके आर्ट गॅलरी तर तोंडपाठ झाली होती. पाच मजली इमारत, खालपासून वरपर्यंत नुसती चित्रं, जिन्यावर भिंत म्हणून दिसत नाही. पण चित्रं खरी कळायला लागली ती ओशोग्बोला गेल्यावर.

ओशोग्बो म्हणजे ओशुन नदीच्या काठचं गाव. ओशुन ही नदी पण आणि देवी पण. तिथे तिची देवराई आहे, साधारण ७५ हेक्टर, २००५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. तिथे झाड तोडत नाहीत, शिकार नाही, नदीतले मासे धरत नाहीत. आत सिमेंट-मातीची प्रचंड शिल्पं आहेत, काही तर झाडांपेक्षा उंच वाटतात. ती सुझान वेंगर नावाच्या ऑस्ट्रियन बाईनं तिथल्याच कारागिरांबरोबर उभी केली. बाई १९५० मध्ये नवऱ्याबरोबर, म्हणजे उली बायरबरोबर, नायजेरियात आली, पुढे ओरिशांची, म्हणजे योरुबा देवांची, पुजारीण झाली आणि २००९ मध्ये ओशोग्बोलाच वारली.

आमचा ड्रायव्हर मात्र देवराईच्या गेटबाहेरच थांबला. तो स्वतः योरुबा, पण पेंटेकोस्टल चर्चचा. म्हणाला मॅडम तुम्ही जाऊन या, हे भुताखेताचं आहे, आमच्या पास्टरला चालत नाही. मला धक्काच बसला, म्हटलं तुझ्याच लोकांचं आहे ना हे. पण आज बहुतेक योरुबा ख्रिश्चन नाहीतर मुसलमान आहेत आणि जुन्या देवांना सैतान म्हणायची सवय त्यांना दीडशे वर्षं लावली गेलीय. हे लक्षात घेतलं नाही तर ही चित्रं कळणारच नाहीत. ओशुन किंवा विजेचा देव शांगो यांना चित्रात आणणारा माणूस नुसता 'पारंपरिक विषय' काढत नसतो, तो बऱ्याचदा आपल्याच घरच्यांशी भांडत असतो.

त्याच गावात मी एक चित्र घेतलं. चित्रकार तरुण होता, तिथल्या जुन्या चित्रकारांच्या हाताखाली शिकलेला. प्लायवूडवर काळी शाई आणि ऑईल, मध्ये दोन जुळी उभी, डोकी मोठाली, डोळे बाहेर आलेले, अंगभर इतकी बारीक रेघ की जवळ गेल्यावर कापडाची वीण वाटते, आणि कडेनं मासे. येताना ते मागच्या सीटवर माझ्या शेजारी होतं. इबादानच्या जुन्या टोलनाक्याजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो, उकडलेल्या शेंगांची पिशवी घेतली, आणि ड्रायव्हर आरशातून चित्राकडे बघत एकदम म्हणाला, मी पण जुळ्यातला आहे. त्याचा जोडीदार लहानपणीच गेला होता. आजीनं लाकडाची बाहुली करून घेतली होती, रोज अंघोळ घालायची, सणाला जेवण दाखवायची, घरात कुणी आजारी पडलं की आधी तिच्याशी बोलायची. मग घर चर्चमध्ये गेलं आणि पास्टरनं ती अंगणात जाळायला लावली. एवढं सांगून त्यानं शेंगा खाल्ल्या आणि गाडी पुढे घेतली.

त्या बाहुलीला इबेजी म्हणतात. योरुबा लोकांत जुळी होण्याचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्यांपैकी आहे आणि पूर्वी त्यातली कितीतरी जगायची नाहीत. गेलेल्या मुलाची मूर्ती करायची ती बाळाची नाही, मोठ्या माणसाची, म्हणजे तो जसा झाला असता तशी. अंगाला लाल लाकडाची पूड चोळायची, केसांना निळा रंग, आणि नंतरच्या काळात तर चक्क कपड्यांना घालायची नीळ. म्युझियममध्ये जुनी इबेजी बघाल तर नाक-डोळे गुळगुळीत झालेले असतात, आपल्याकडे पिढ्यानपिढ्या धुतलेल्या टाकांवरचा देव जसा नुसता उंचवटा उरतो ना, तसे. ट्विन्स सेव्हन सेव्हन हा ओशोग्बोचा सगळ्यात गाजलेला चित्रकार (१९४४ ते २०११), त्यानं तर नावच जुळ्यांवरून घेतलं. आईला झालेल्या सात जुळ्यांच्या जोड्यांमधला आपण एकटाच जगलो असं तो सांगायचा. त्याच्या चित्रात एका माणसाच्या पोटात दुसरा माणूस, त्याच्या हातातून साप, सापावर घर असं सगळं गच्च भरलेलं असतं. १९६४ मध्ये जॉर्जिना बायरनं (उली बायरची पुढची बायको) ओशोग्बोला वर्कशॉप घेतलं त्यातून तो पुढे आला, त्याआधी एका औषध विकणाऱ्याबरोबर नाचायचा.

तर हे चित्र मी नाशिकला आणून हॉलमध्ये लावलं आणि आमचे थोरले भाऊजी, जन्मभर शाळेत ड्रॉइंग शिकवलेले, सगळ्यांसमोर म्हणाले, काय हे भेसूर, डोकं एवढं, पाय एवढुसे, याला अनाटॉमी येत नाही, आपल्या आठवीच्या पोरांनी याच्यापेक्षा बरं काढलं असतं. आणि वर, देवघराच्या समोर हे कशाला. पाहुणे हसले. त्यानंतर जेव्हा केव्हा ते येतात तेव्हा त्या भिंतीकडे पाठ करून बसतात.

भाऊजींचा मी मान ठेवते, पण हे बोलणं अडाणीपणाचं होतं.

ड्रॉइंगच्या वर्गात साडेसात डोक्यांचा माणूस, म्हणजे डोक्याच्या साडेसात पट उंचीचा, शिकवतात ना, योरुबा शिल्पात डोकं बऱ्याचदा उंचीच्या चौथ्या हिश्श्याएवढं असतं, आणि ते ठरवून. त्यांच्या समजुतीत माणसाचं नशीब म्हणजे ओरी, आणि ते डोक्यात असतं. जन्माला येण्याआधी प्रत्येकजण अजाला नावाच्या कुंभाराकडे जाऊन स्वतःचं डोकं निवडतो. काही डोकी नीट भाजलेली असतात, काही कच्ची, वरून कळत नाही, आणि कच्चं निघालं तर ते घेऊनच आयुष्य काढायचं. ज्यांच्या देवाधर्मात डोक्याचं एवढं मोल आहे ते लोक डोकं लहान कशाला काढतील?

आणि 'येत नाही' म्हणणाऱ्यांसाठी. इफे या योरुबांच्या जुन्या पवित्र शहरात बाराव्या ते पंधराव्या शतकातली धातूची डोकी सापडलीत, ओठांची कडा, पापण्या, सगळं इतकं खरं की १९१० मध्ये फ्रोबेनियस नावाचा जर्मन संशोधक तिथली जुनी शिल्पं बघून म्हणाला हे आफ्रिकन लोकांनी केलंच नसणार, हे अटलांटिसमधून आलेल्या ग्रीकांचं. १९३८ मध्ये घराचा पाया खणताना एकाच वाड्यात अशी डझनाहून जास्त डोकी निघाली. नंतर आइना ओनाबोलू (१८८२ ते १९६३) हा योरुबा चित्रकार झाला, त्यानं हुबेहूब पोर्ट्रेट करून दाखवली, १९२० मध्ये लंडनला जाऊन रीतसर शिकून आला आणि शाळांमध्ये चित्रकला शिकवा म्हणून ब्रिटिश सरकारच्या मागे लागला. म्हणजे अनाटॉमीची परीक्षा ते कधीच पास झालेत. मग १९५८ ला उत्तर नायजेरियातल्या झारियाच्या कॉलेजात चित्रकला शिकणाऱ्या पोरांनी सोसायटी काढली, त्यात युसुफ ग्रिलो हा चित्रकार होता, आणि त्यांनी ठरवलं की पाश्चात्य तंत्र घेऊ पण आपलं सोडायचं नाही. ग्रिलोच्या लांबट मानेच्या बायका आणि तो निळा रंग बघा. तो आदिरे या योरुबांच्या निळीत रंगवलेल्या कापडाचा निळा आहे. कसाव्याची (साबुदाण्याच्या कंदाची) खळ कोंबडीच्या पिसानं कापडावर रेखायची आणि मग नीळीच्या रांजणात पुन्हा पुन्हा बुडवायचं, खळ धुतली की रेघ फिकी राहते. त्या रांजणाशेजारी एकदा उभं राहिलं की ग्रिलोचा निळा वेगळा समजवावा लागत नाही.

भाऊजी दत्तभक्त आहेत, दर वर्षी गाणगापूर. तीन तोंडं, सहा हात, त्यात त्यांना अनाटॉमी कधी आठवली नाही, आठवायचं कारणही नाही, कारण तो देव आहे आणि देव कसा दिसतो ते भक्तांना ठाऊक असतं. आता ऐका, तोच कॅलेंडरवरचा दत्त पश्चिम आफ्रिकेत, टोगो-घानाच्या किनाऱ्यावर डेन्सू नावाच्या तीन तोंडांच्या जलदेवतेचं रूप म्हणून देवळांमध्ये पूजला जातो. आणि मामी वाटा या पाण्याच्या देवीचं जे चित्र सगळीकडे दिसतं, अंगाभोवती साप घेतलेली मोकळ्या केसांची बाई, ते मूळ जर्मनीत छापलेलं गारुडी बाईचं पोस्टर, पण १९५५ मध्ये त्याच्या १२,००० प्रती छापल्या आपल्या मुंबईच्या श्रीराम कॅलेंडर कंपनीनं, घानातल्या व्यापाऱ्यांसाठी. म्हणजे त्यांना आपला देव भेसूर वाटला नाही. त्यांनी बघितला, ओळखला आणि घरात घेतला. भाऊजींना हे मी तोंडावर सांगितलेलं नाही पण त्यांची मुलगी हे वाचते, तर सांग त्यांना.

तुमच्या प्रश्नातला काळ्या माणसांच्या ओळखीचा भाग राहिला. तो समुद्रापलीकडे जास्त कळतो. एकोणिसाव्या शतकात योरुबांचं ओयो साम्राज्य कोसळलं, त्या लढायांत धरलेले हजारो योरुबा गुलाम म्हणून ब्राझील आणि क्युबाला गेले आणि देव बरोबर घेऊन गेले. मालकाला दिसू नये म्हणून कॅथलिक संतांच्या आड ठेवले, क्युबात शांगो सांता बार्बाराच्या आड. ब्राझीलच्या बाहिया राज्यात तर कांदोंब्लेच्या, म्हणजे या देवांच्या तिथल्या पंथाच्या, देवळांना १९७६ पर्यंत पोलिसांत नोंदणी लागायची. हे माहिती असलं की रुबेम व्हालेंतिम या बाहियाच्या चित्रकाराची (१९२२ ते १९९१) चित्रं अंगावर येतात. वरवर नुसते त्रिकोण, वर्तुळं, बाण, पण ती शांगोची दुधारी कुऱ्हाड आहे, ती ओशाला या माणूस घडवणाऱ्या देवाची पांढरी काठी. माझ्या मते या सगळ्या परंपरेतला सगळ्यात मोठा माणूस तोच. आब्दियास दो नासिमेंतो हा नाटकवाला, काळ्यांच्या हक्कासाठी आयुष्य घातलेला, १९६८ मध्ये ब्राझील सोडून अमेरिकेत गेला आणि तिथे ओरिशांची चित्रं करत राहिला. त्यानं ब्राझीलचा झेंडाच घेतला आणि त्यावर शिकारीचा देव ओशोसी याचं धनुष्यबाण चढवलं.

तुम्ही ऑनलाईन बघितलंय ते बहुधा हार्मोनिया रोझालेसचं असणार, मायकेलअँजेलोच्या छतावरचा देव आणि आदम, पण दोघी काळ्या बायका. २०१७ चं आहे, खूप फिरलं. क्युबन वारशाची अमेरिकन चित्रकार, पुढे तिनं ओरिशांवर मोठं काम केलंय. हात तयार आहे, पण मला ते थोडं कमी आवडतं, देवी आपली आणि मांडणी इटलीची, म्हणजे परवानगी पुन्हा तिकडूनच मागितल्यासारखी. अर्थात मी काळी बाई म्हणून अमेरिकेत वाढले नाही, जी वाढली तिला त्याच छतावर स्वतःला बघण्याची गरज का वाटली यावर मी बोलू नये, हेही खरं.

अजून एक-दोन गोष्टी. दत्त आणि मामी वाटाचं जे लिहिलं ते मुख्यतः एवे वगैरे शेजारच्या लोकांचं, सरसकट योरुबा समजू नका. आणि ओशोग्बोच्या चित्रांवर नायजेरियातच टीका झालीय की परक्यांनी वर्कशॉप घेतलं, परक्यांनीच विकत घेतलं. त्यात तथ्य आहे, पण म्हणून चित्रं खोटी ठरत नाहीत.

घरात लावायचं तर बिनधास्त लावा, देवघरासमोरसुद्धा. फक्त झेब्रा, सूर्यास्त आणि डोक्यावर घडा घेतलेल्या तीन बायका असलं हॉटेलच्या लॉबीतलं 'आफ्रिकन' पेंटिंग घेऊ नका, त्यात कुणाचाच देव नसतो. मोठ्या नावांच्या मागे लागू नका, ट्विन्स सेव्हन सेव्हनच्या नावावर काहीही विकतात. जिवंत चित्रकाराकडून घ्या, सहीचा कागद घ्या. जुनी इबेजी तर अजिबात विकत घेऊ नका. आणि नायजेरियातून काहीही आणणार असाल तर तिथल्या म्युझियम खात्याची परवानगी गॅलरीकडूनच करून घ्या, एअरपोर्टवर नव्या चित्रालाही विचारतात आणि तिथे वाद घालून उपयोग होत नाही.