जुन्या मोठ्या एसयूव्हीला कोणते ऑइल, कोणता फिल्टर?

प्रश्न : १८ वर्षे जुनी, सात आसनांची डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली आहे. आधीच्या मालकाने सर्व्हिसची नोंद ठेवलेली नाही. मेकॅनिक म्हणतो, ‘सगळं एकदाच फ्लश करून टाकू.’ सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सगळे एकदम फ्लश करू नका. नोंद नसलेल्या गाडीत जुने ऑइल हीच आतल्या भागांची खबर असते. ते न बघता ओतून दिले की ती खबरही गेली. प्रत्येक ठिकाणचे ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये वेगवेगळे काढा आणि ड्रेन बुचावरचे चुंबक बघा. चुंबकावर करडी, मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. बोटांना टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला, तर नवे ऑइल विकत घेण्याआधी तो भाग उघडायला हवा.

पहिले काम इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर. इंजिनमध्ये ओतायचे ‘फ्लश’ वापरू नका. वर्षानुवर्षे साचलेला गाळ त्याने ढेकळांनी सुटतो, इंजिनखालच्या चेंबरमधल्या (ऑइल साठते ती टाकी) पंपाच्या जाळीवर बसतो आणि ऑइलचा दाब पडतो. त्यापेक्षा चांगले ऑइल भरा, २,००० ते ३,००० किमीवर पुन्हा ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. नव्या ऑइलमधले डिटर्जंट गाळ हळूहळू सोडवतात आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. फिल्टर काढल्यावर जुना रबरी वॉशर इंजिनलाच चिकटून राहिला नाही ना, हे बोट फिरवून बघा. एकावर एक दोन वॉशर बसले तर इंजिन सुरू होताच ऑइल दाबाने बाहेर फेकले जाते. नव्या फिल्टरच्या वॉशरला ऑइल लावा, तो टेकला की हातानेच पाऊण फेरा आवळा. पाना फक्त काढताना लागतो.

यानंतर ब्रेक ऑइल, कूलंट, दोन्ही डिफरन्शियल (ॲक्सलवरचे, चाकांना ताकद वाटून देणारे गिअर), ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे नेणारा भाग) आणि शेवटी गिअरबॉक्स. प्रत्येक कामाची तारीख आणि किलोमीटर बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

प्रश्न : गाडी अडीच लाख किमी चालली आहे. पुस्तकात १५डब्ल्यू-४० लिहिले आहे. ‘इंजिन जुनं झालं, आता २०डब्ल्यू-५० घाला’ असा सल्ला मिळतो. बरोबर आहे का?

उत्तर : इंजिन ऑइल खात नसेल आणि गरम असताना दाब ठीक असेल, तर नाही. जाड ऑइल थंड इंजिनमध्ये टर्बोच्या बेअरिंगपर्यंत आणि वरच्या कॅमपर्यंत उशिरा पोहोचते, आणि झीज सर्वांत जास्त होते ती तेवढ्या वेळातच. शिवाय थंड, जाड ऑइल फिल्टरच्या कागदातून पुरेसे जात नाही. मग बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेले ऑइल फिरत राहते.

ऑइल कमी होत असेल तर आधी कारण शोधा. बराच वेळ उभी गाडी सुरू केल्यावर, किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर येत असेल, तर व्हॉल्व्हचे सील बघा. चढावर जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर रिंग किंवा टर्बो. आणि या सगळ्याच्या आधी क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी वाट) तपासा. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर पडते. जाड ऑइलने यातले काहीच दुरुस्त होत नाही, फक्त काही दिवस झाकले जाते.

आकड्याइतकेच डब्यावरचे अक्षर महत्त्वाचे. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नसलेल्या जुन्या डिझेलला एपीआय या अमेरिकी दर्जाचे सीआय-४ उत्तम, सीके-४ देखील चालते. डीपीएफ असेल तर कमी राखेचेच ऑइल हवे, म्हणजे पुस्तकात असेल त्याप्रमाणे सीजे-४, सीके-४ किंवा एसीईए या युरोपीय दर्जाचा ‘सी’ वर्ग. नाहीतर ऑइलमधल्या धातूंची राख डीपीएफमध्ये साठते, आणि काजळी जळते तशी ती जळत नाही. डब्यावर एफए-४ असेल तर ते ऑइल जुन्या इंजिनात घालू नका. ते मुद्दाम पातळ ठेवलेले असून नव्या रचनेच्या इंजिनांसाठीच आहे.

प्रश्न : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल कधीच बदललेले नाही. ‘आता बदललंत तर गिअरबॉक्स बसेल’ असे बरेच जण सांगतात.

उत्तर : ही भीती उगाच पसरलेली नाही, पण तिचा अर्थ चुकीचा लावला जातो. ज्या गिअरबॉक्सच्या क्लच प्लेट झिजून संपत आल्या आहेत, त्यात ऑइलमध्ये तरंगणारा प्लेटचाच भुगा थोडीफार पकड देत असतो. तो भुगा गेला की घसरणे उघड होते. असा गिअरबॉक्स ऑइल बदलले नाही तरी फार काळ टिकणार नव्हता.

म्हणून आधी परीक्षा घ्या. ऑइल पांढऱ्या कागदावर टिपा. लालसर किंवा तपकिरी असेल, जळका वास नसेल आणि गिअर न घसरता पडत असतील, तर जरूर बदला. काळे, करपल्या वासाचे असेल आणि गिअर पडताना इंजिनची फेरी उगाच चढत असेल, तर तो खर्च दुरुस्तीसाठी राखून ठेवा.

बदलताना दाबाने ऑइल ढकलणारे मशीन टाळा. गिअरबॉक्सचे खालचे चेंबर उतरवून फिल्टर बदलणे आणि तेवढेच ऑइल भरणे, ही पद्धत सुरक्षित. मात्र एका वेळेस सगळे ऑइल निघत नाही, कारण बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा ऑइलभरला भाग) राहते. समजा, एकूण ११ लिटर मावते आणि एका वेळेस साडेचार लिटर निघते. पहिल्या बदलानंतर जुने ऑइल ५९ टक्के उरते, दुसऱ्यानंतर ३५, तिसऱ्यानंतर सुमारे २१. मध्ये काहीशे किलोमीटर गाडी चालवून असे तीन वेळा करा. फिल्टर पहिल्याच वेळी बदला. जितके निघाले ते मोजून तितकेच भरा, मग पातळी गरम असताना तपासा. बहुतेक गाड्यांत इंजिन सुरू आणि लिव्हर पी-वर ठेवून बघतात, काहींत एन-वर, तर काहींत इंजिन बंद करून. पुस्तक न बघता घेतलेले माप अर्ध्या-एक लिटरने फसवते.

ऑइलची निवड इथे सर्वांत काटेकोर हवी. जनरल मोटर्सने डेक्स्रॉन-३ या एटीएफचा (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) परवाना २००६ अखेर बंद केला. आता डब्यावर ते नाव दिसले तर ती फक्त बनवणाऱ्याची हमी समजा. डेक्स्रॉन-६ जनरल मोटर्सच्या जुन्या गिअरबॉक्सना चालते, पण ते जास्त पातळ आहे. दुसऱ्या कंपनीने डेक्स्रॉन-३ सांगितले असेल तर ६ चालेलच असे धरू नका. टोयोटाचे टी-४ आणि डब्ल्यूएस एकमेकांच्या जागी घालू नयेत. क्रायस्लरच्या एटीएफ+४ ऐवजी दुसरे काही घातले, तर गिअर बदलताना थरथर येते, कारण त्या क्लच प्लेट त्याच ऑइलच्या घर्षणगुणांवर बेतलेल्या आहेत.

प्रश्न : रेडिएटरमध्ये हिरवे कूलंट आहे, दुकानात लाल मिळते. वर लाल घातले तर चालेल?

उत्तर : रंगावर जाऊ नका. तो बनवणाऱ्याच्या मर्जीचा असतो. खरा फरक गंजरोधक रसायनांचा. जुन्या पद्धतीचे सिलिकेटयुक्त कूलंट साधारण दोन वर्षे टिकते, ऑरगॅनिक ॲसिडचे पाच. दोन्ही मिसळली की दीर्घायुष्य तर जातेच, काही वेळा चिकट गाळ होऊन हीटरची कोअर तुंबते. आत काय आहे हे माहीत नसेल तर पूर्ण काढा आणि डिस्टिल्ड वॉटर भरून धुवा. निघणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करा.

मग प्रमाणाची अडचण येते. ड्रेन केले तरी ब्लॉकमध्ये आणि मागच्या हीटरच्या लांब पाइपांत धुण्याचे पाणी उरते. त्यावर तयार ५०:५० कूलंट ओतले तर मिश्रण पातळ होते. म्हणून पुस्तकातली एकूण क्षमता बघा. ती १४ लिटर असेल तर आधी ७ लिटर शुद्ध कॉन्सन्ट्रेट ओता, मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. ‘जास्त घातलं तर जास्त चांगलं’ असे नाही, कारण ग्लायकॉल वाढले की मिश्रणाची उष्णता वाहून नेण्याची ताकद घटते.

भरताना पुढचे-मागचे दोन्ही हीटर पूर्ण गरमवर ठेवा. मागच्या पाइपांत हवा अडकली की तापमानाचा काटा अचानक वर जातो आणि मागून थंड वारा येतो.

प्रश्न : दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केसमध्ये एकच गिअर ऑइल चालते ना?

उत्तर : डिफरन्शियलमध्ये जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल, बहुधा ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०. क्राउन आणि पिनियनचे दात एकमेकांवर घासत फिरतात, त्यांना तेवढे संरक्षण लागतेच. मॅन्युअल गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितले असेल तर तिथे जीएल-५ घालू नका. पितळी सिंक्रोनायझरची (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) पकड कमी होते आणि गिअर खरखरतो.

ट्रान्स्फर केसचे उत्तर मात्र गाडीगणिक बदलते. चेनवर चालणाऱ्या बऱ्याच केसमध्ये एटीएफ असते, गिअरवाल्यांत बहुधा गिअर ऑइल. जनरल मोटर्सच्या ऑटो-ट्रॅक केसला तिचेच वेगळे निळे ऑइल लागते, कारण आत क्लच आहे.

एक नियम पक्का ठेवा. ड्रेनच्या बुचाला हात लावण्याआधी भरण्याचे बूच उघडते का ते बघा. सगळे ऑइल काढून झाल्यावर वरचे बूच गंजून अडकलेले निघाले, तर गाडी जागची हलवता येत नाही. गाडी सपाट जागी असू द्या, भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत ऑइल आले की पुरे. ऑइल दुधाळ निघाले म्हणजे पाणी शिरले. तेव्हा ब्रीदरची नळी तपासा, ती तुंबली असेल तर नवे सीलही गळेल. क्लचवाल्या लिमिटेड-स्लिप (एकाच चाकाला मोकळे फिरू न देणाऱ्या) डिफरन्शियलमध्ये वळताना कुरकुर येत असेल तर फ्रिक्शन मॉडिफायर घाला, साधारण १०० ते १२० मिली. ऑइलमध्ये तो आधीच असेल तर नको.

प्रश्न : एअर फिल्टर दर आठवड्याला कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करतो. पुरेसे आहे का?

उत्तर : गरजेपेक्षा फार जास्त आहे आणि घातकही. जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक धूळ जास्त अडवतो, तेव्हा त्याला विनाकारण छेडू नका. फिल्टर काढला की हाउसिंगची इंजिनकडची बाजू पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर धूळ आली तर दोष सीलचा किंवा क्लिपचा आहे. अशी धूळ सिलिंडर आणि रिंग लवकर झिजवते. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतलात तर वाढलेले सिलिकॉन हीच गोष्ट सांगेल. धुता येणारे, तेल लावायचे कापडी फिल्टर जुन्या गाडीला आम्ही सुचवत नाही. तेल जरा जास्त झाले की ते एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसते.

प्रश्न : डॉट ३ च्या जागी डॉट ५ ब्रेक ऑइल घालू का? आकडा मोठा आहे.

उत्तर : नको. डॉट ५ सिलिकॉनचे आहे, बाकीच्यांत मिसळत नाही. डॉट ४ घाला, ते डॉट ३ मध्ये चालते. नवे डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही हमी १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. जड गाडी लांब उतारावर असताना हा फरक पायाला कळतो. दर दोन वर्षांनी बदला.

काही मोठ्या एसयूव्हींत ब्रेकचा बूस्टर पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालतो. तिथे टाक्या दोन आणि ऑइलही दोन असतात. स्टिअरिंगचे ऑइल चुकून ब्रेकच्या टाकीत गेले तर रबरी सील फुगतात. मग मास्टर सिलिंडर, कॅलिपर आणि होजपाइप बदलावे लागतात. झाकण उघडण्याआधी त्यावरचे लिखाण वाचा.

प्रश्न : डिझेल फिल्टर बदलला आणि गाडी सुरूच होईना. नंतर झाली, पण सकाळी पुन्हा त्रास देते.

उत्तर : कुठून तरी हवा ओढली जाते आहे. टाकी ते पंप या भागात दाब उणा असतो, त्यामुळे तिथून डिझेल गळत नाही, हवा आत शिरते. म्हणूनच जमीन कोरडी दिसते. फिल्टरच्या झाकणाची जुनी ओ-रिंग आतच राहिली का, खालच्या पाणी काढायच्या बुचाचे सील बसले का, आणि नळ्यांच्या क्लिप घट्ट आहेत का, हे बघा. फिल्टरनंतर काही वेळ पारदर्शक नळी जोडा. बुडबुडे दिसले की दोष त्याच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला आहे.

हवा हाताच्या पंपाने, पंप कडक लागेपर्यंत काढा. कॉमन-रेल इंजिनात (सर्व इंजेक्टरना एकाच सामाईक पाइपातून दाबाने डिझेल देणाऱ्या) सेल्फ मारताना हाय-प्रेशर पाइपचे नट कधीही सैल करू नका. तिथला दाब १,००० बारच्या वर जाऊ शकतो आणि ती धार कातडीतून आत शिरते. कॉमन-रेलचा नवा फिल्टर बाहेरून डिझेल ओतूनही भरू नका. गाळून झालेल्या बाजूला पडलेली घाण थेट इंजेक्टरमध्ये जाते.