बोरिवलीच्या काकू आणि एक ‘च’

डिसेंबर जवळ आला की परदेशातून मुंबईत येणाऱ्यांकडून एकच काळजी पुन्हा पुन्हा ऐकू येते: ‘तीन आठवड्यांत सगळ्यांकडे जाणं जमत नाही, आणि नाही गेलं तर माणसं दुखावतात.’ त्यावर माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एकीचा अनुभव सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

ती 41 वर्षांची, राहते न्यू जर्सीत, माहेर डोंबिवली. जानेवारीत 21 दिवसांसाठी येणार होती. त्याआधी आमच्या व्हिडिओवर पाच बैठका झाल्या. पहिल्याच बैठकीत तिने यादी वाचून दाखवली. ठाणे, मुलुंड, गिरगाव, पार्ले, बोरिवली, वाशी मिळून 34 घरं.

“मागच्या खेपेला किती झाली?”

“26. तरी बोरिवलीच्या काकू अजून म्हणतात, आमच्याकडे यायला तुला वेळ नव्हता.”

“आणि आईबरोबर निवांत किती बसलात?”

ती थांबली. “आई सगळीकडे माझ्याबरोबर यायची, मॅडम. आम्ही बोललो ते... रिक्षात.” मग स्वतःशीच पुन्हा म्हणाली, “रिक्षात.”

मी गप्प राहिले. अशा वेळी सल्ल्याची घाई केली की माणूस परत यादीकडे वळतो.

पुढच्या वेळी प्रत्येक नावापुढे ‘इथे का जायचं’ ते तिला एका वाक्यात लिहायला सांगितलं. बहुतेक वाक्यं ‘जायलाच हवं’वर संपत होती. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या वाटेने जाणारी. 1955 पासून ते ‘असंच व्हायला हवं’ या ज्या हट्टाग्रहावर बोट ठेवत राहिले, तो मराठीत एका अक्षरात मावतो.

“यातला ‘च’ खोडा आणि वाचा.”

“जायला हवं.” मग हळूच, “जायला आवडेल... नऊ घरी.”

“काकूंना वाईट वाटलं तर?”

“वाटेल. मलाही वाटेल.” बराच वेळ गेला. “पण आम्हा दोघींना ते सोसेल.”

हे वाक्य तिचं स्वतःचं होतं. कुणालाही वाईट वाटू न देण्याचा ठेका तिने किती वर्षं डोक्यावर वाहिला होता, ते तिच्या खाली आलेल्या खांद्यांवरून दिसलं. मला या कामात याहून मोठं समाधान ठाऊक नाही.

त्यानंतरचं काम वहीतलं. ते सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

21 दिवसांतले येण्या-जाण्याचे 2, बॅगा भरण्याचा 1 आणि झोप बसण्याचे पहिले 4 वजा करा. मुंबईत दुपारचे 3 वाजतात तेव्हा हिवाळ्यात न्यू जर्सीत पहाटेचे 4.30 झालेले असतात. त्या वेळी कुणाच्या सोफ्यावर बसून डुलक्या घेतल्या की ‘हिला आमचा कंटाळा आला’ असा अर्थ निघतो. उरले 14. त्यांत एकाआड एक दिवस बाहेर, म्हणजे 7 फेऱ्या. एका दिवशी लोकलची एकच लाईन: ठाणे-मुलुंड एकदा, पार्ले-बोरिवली एकदा. एका दिवसात दादरला दोनदा गाडी बदललीत तर संध्याकाळी माणसं भेटतात, पण तुम्ही त्यांना भेटत नाही. रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक बघा.

घरी जाऊन भेटायचं ते अंथरुणाला खिळलेल्यांना, जिना उतरू न शकणाऱ्यांना, आणि गेल्या खेपेनंतर ज्यांच्या घरात मृत्यू झाला त्यांना. बाकीच्यांना एकत्र बोलवा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत माहेरी हळदीकुंकू ठेवलं की एका संध्याकाळी बऱ्याच जणी भेटतात. विधवा आत्या-मावशांनाही आवर्जून बोलवा. त्यांना वगळून कसलं भेटणं! शाळेच्या मैत्रिणींसाठी शिवाजी पार्कचा कट्टा पुरतो.

जिथे जाल तिथे वेळ आधीच फोनवर सांगा: “काकू, 11 ते 1 येते, चहा घेईन, जेवायला आईकडे पोचायचंय.” ‘जाता जाता डोकावते’ म्हणून दहा मिनिटं टेकणं न जाण्यापेक्षा जास्त बोचतं, कारण पोहे होईपर्यंत तुम्ही घड्याळ बघता. आणि ज्यांच्याकडे जाणार नाही, त्यांना पहिल्या दोन दिवसांतच स्वतः फोन करा. हे हमखास राहून जातं. मग कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्या घरातला फोटो पडतो, आणि नकार तुमच्याऐवजी तो फोटो कळवतो.

तिने आल्यावर दुसऱ्याच सकाळी बोरिवलीला फोन केला. काकू रागावल्या, दोन वाक्यं टोचून बोलल्या, आणि हळदीकुंकवाला तिळाच्या वड्या घेऊन आल्या.

मधला एक मंगळवार तिने रिकामा ठेवला होता. त्या दुपारी मायलेकी मटार सोलत बसल्या होत्या. निम्मी परात झाल्यावर आई खाली बघतच म्हणाली, “डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितलाय. तुला काळजी नको म्हणून बोलले नव्हते.”

शेंगा तशाच ठेवून त्या दोघी डॉक्टरांकडे जाऊन तारीख घेऊन आल्या.