नागपुरात राहून ॲथलेटिक ट्रेनिंग शिकता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारावी सायन्सला आहात, नागपुरात राहता, शाळेपासून कबड्डी खेळता. अमेरिकेत कॉलेजच्या संघासोबत ॲथलेटिक ट्रेनर असतात. त्यांना काय शिकवतात, क्लिनिकल ट्रेनिंग कसं होतं, आणि इथे राहून तसं काही करता येईल का?

येईल, पण त्या नावाची पदवी इथे मिळणार नाही आणि सगळं एका कॉलेजात शिकायला मिळणार नाही. मी नागपुरातच बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) केलं, मग एमपीटीएच (त्यातलीच पदव्युत्तर पदवी). आता सकाळी क्लिनिक आणि संध्याकाळी मैदान असा माझा दिवस असतो, म्हणून दोन्ही बाजूंचं सांगते.

आधी तिकडचं. तिकडचा ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे जिममध्ये सेट मोजणारा माणूस नव्हे. तो आरोग्यसेवेतला व्यावसायिक असतो आणि जवळपास सगळ्या राज्यांत त्याला परवाना किंवा नोंदणी लागते. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० सालची. पूर्वी बॅचलर्सवर भागायचं, पण २०२२ नंतर त्या पातळीवरचे नवे प्रवेश बंद झाले आणि आता मास्टर्सच लागतं. त्यासाठी बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, सायकॉलॉजी, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आधी झालेलं असावं लागतं. पुढे दुखापत टाळणं, तपासणी आणि निदान, तातडीची मदत, पुनर्वसन, नोंदी आणि कायदा हे विषय. शेवटी बीओसीची, म्हणजे ॲथलेटिक ट्रेनरना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची परीक्षा.

क्लिनिकलची रचना मला जास्त आवडते. विद्यार्थी एका प्रिसेप्टरच्या, म्हणजे अनुभवी व्यावसायिकाच्या हाताखाली असतो. कधी कॉलेजचा संघ, कधी शाळा, कधी दवाखाना. त्यात सलग किमान चार आठवडे पूर्णवेळ एकाच ठिकाणी काम करण्याचा टप्पा सक्तीचा आहे. सकाळी टेपिंग, दुपारी सराव, रात्री नोंदी. संघाचा पूर्ण दिवस कसा जातो ते त्या महिन्यात कळतं.

आता आपलं. तुमच्यासाठी सरळ रस्ता बीपीटीएच. महाराष्ट्रात प्रवेश नीट परीक्षेवर होतो. मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) फिजिओथेरपी आहे, हिंगणा रोडला डिगडोहला कॉलेज आहे, वर्ध्याजवळ सावंगीलाही आहे (ते अभिमत विद्यापीठ, त्याची प्रवेशप्रक्रिया वेगळी बघा). आतापर्यंत चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप असा हिशेब होता. फिजिओथेरपीसारख्या आरोग्य-व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या नव्या आराखड्यात तो पाच वर्षांचा आहे, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीत जीव जातो, आणि तो गेलाच पाहिजे. खांदा निखळलेल्या मुलाला हात लावायच्या आधी तिथून कोणती नस जाते हे पाठ असायला हवं.

मात्र बीपीटीएचच्या पोस्टिंगमध्ये तुम्हाला ओपीडी दिसते, मैदान दिसत नाही. ओपीडीत गुडघा तीन आठवड्यांनी येतो, एमआरआयची पिशवी हातात घेऊन. सूज उतरलेली, निदान कागदावर छापलेलं. कबड्डीच्या मॅटवर तोच गुडघा तुमच्या समोर वळतो. पोट्टा दात-ओठ खात "काही नाही झालं मॅडम" म्हणतो, प्रशिक्षक घड्याळाकडे बघतो आणि तुम्हाला त्याला उठवायचं की झोपवून ठेवायचं हे ठरवायचं असतं. हे पुस्तकातून येत नाही, आणि अमेरिकेतल्या क्लिनिकलचा मोठा भर याच्यावर आहे.

साधा घोटा घ्या. मुरगळला की आपल्याकडे आधी स्प्रे मारतात, मग सगळे एक्स-रेला पळतात किंवा कोणीच पळत नाही. एक्स-रे कधी काढायचा ते ठरवणारे ओटावा नियम तुम्हाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळतील: घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांचा मागचा काठ खालून सहा सेंटीमीटरपर्यंत दाबून बघा, पायाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या हाडाचं मूळ दाबा, आतल्या बाजूचं नॅव्हिक्युलर हाड दाबा, आणि चार पावलं चालायला सांगा. घोट्याच्या किंवा पावलाच्या त्या भागात दुखत असेल आणि यातलं एखादं हाड दाबल्यावर दुखलं किंवा चार पावलं चालता आली नाहीत, तर एक्स-रे. परीक्षेत हे चार ओळींचं उत्तर आहे. घामेजलेल्या, मातीने माखलेल्या, ओरडणाऱ्या पायावर ते बोटांनी शोधायला मात्र पुष्कळ पाय हाताखालून जावे लागतात. डोक्याला मार लागला असेल तर फार विचार नको. कन्कशनची, म्हणजे मेंदूला धक्का बसल्याची शंका आली की त्या दिवशी खेळ बंद, फायनल असली तरी.

आणि आपल्या गावात ज्या विषयावर सगळ्यात जास्त तयारी पाहिजे तो म्हणजे ऊन. एप्रिल-मे मध्ये शाळांना सुट्ट्या, म्हणून शिबिरं त्याच दिवसांत, आणि पारा ४४-४५ वर. श्रमाने होणारा उष्माघात वेगळा ओळखावा लागतो: शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर आणि सोबत वागण्यात बदल, म्हणजे बडबड, चिडचिड, तोल जाणं, बेशुद्धी. अंगाला घाम असला तरी तो उष्माघात असू शकतो, हे लोकांना पटत नाही. काखेतलं किंवा कपाळावरचं तापमान इथे फसवतं, गुदद्वारातलंच भरवशाचं. उपचाराचा क्रम असा की आधी गार करा, मग हलवा. १०८ला फोन लावायचाच, पण ॲम्ब्युलन्सची वाट बघत सावलीत वारा घालत बसायचं नाही. बर्फाच्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत बुडवायचं, डोकं कोणीतरी धरून ठेवायचं, आणि पहिल्या अर्ध्या तासात तापमान ३९ च्या खाली आणायचं. टब नसेल तर ताडपत्री. चौघांनी कोपरे धरून झोळी करायची, मध्ये खेळाडू, वरून बर्फ आणि पाणी, आणि झोळी हलती ठेवायची. ताडपत्री आणि बर्फाची लादी विदर्भात कुठेही मिळते. मिळत नाही तो आधीच ठरवून ठेवलेला माणूस, ज्याला फोन कोणी करायचा, गेट कोणी उघडायचं, बर्फ कुठे आहे हे पाठ आहे. अमेरिकेत याला लेखी आपत्कालीन योजना म्हणतात आणि विद्यार्थ्यांना ती लिहायला शिकवतात. इथे तुम्ही पहिल्या दिवशी ती मागितली की आयोजक तुमच्याकडे बघत राहतात.

शिबिराच्या पहिल्या दिवसापासून पूर्ण जोर लावून घेऊ नका, हेही प्रशिक्षकांना पटवणं तुमच्याच कामात येईल. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात.

मैदान कसं मिळवायचं? मानकापूरचं विभागीय क्रीडा संकुल, रेशीमबाग, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, खासदार क्रीडा महोत्सव. इतके सामने होतात की मदतीचा हात कोणालाही हवाच असतो. दुसऱ्या वर्षापासून एखाद्या क्रीडा फिजिओला विचारा, "सर, सामन्याच्या दिवशी सोबत उभा राहू का?" सुरुवातीला पाण्याच्या बाटल्या आणि बर्फच उचलाल. चालेल. मात्र एकट्याने कधीही जाऊ नका. एका अकादमीने आमच्या दोन विद्यार्थिनींना "तुम्ही फिजिओच आहात ना" म्हणून पूर्ण स्पर्धेवर एकट्या बसवायचं ठरवलं होतं. आम्ही नाही म्हटलं. शिकणाऱ्याच्या वर कोणी नसेल तर ते प्रशिक्षण नाही, फुकटचं मनुष्यबळ आहे.

शनिवार-रविवारच्या कोर्समध्ये "ॲथलेटिक ट्रेनर" असं सर्टिफिकेट मिळतं, ते घेऊन कोणी उपचार करायला लागला तर त्याच्यापासून दूर राहा. बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) चांगला कोर्स आहे, पण तो शिक्षक आणि प्रशिक्षकाचा. त्यातून क्लिनिकल काम करता येत नाही.

अमेरिकेत जायचंच असेल तर बीपीटीएचनंतर तिथल्या मान्यताप्राप्त मास्टर्सला प्रवेश घ्यावा लागेल. इथल्या पदवीवर थेट बीओसीला बसता येत नाही. खर्च मोठा आहे, त्यामुळे आधी इथे दोन-तीन हंगाम मैदानावर काढून बघा, मन टिकतं का ते कळेल. पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला घर क्लिनिकवरच चालतं, मैदान हळूहळू पैसे देऊ लागतं.

आत्ता लगेच करायचं ते एकच: नीटच्या ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे आहेत, ते हातचे सोडू नका. परीक्षा झाली की निकालाची वाट बघत बसण्यापेक्षा सीपीआर आणि प्रथमोपचाराचा कोर्स करून घ्या. त्याला कुठल्याही प्रवेशाची वाट बघावी लागत नाही, आणि मे महिन्यात तुमच्याच कबड्डीच्या शिबिरात त्याची गरज पडू शकते.